अंगावरची पेढी आणि सातबाऱ्यावरचे नाव

सोन्याचा भाव चढला की वृत्तपत्रांना जळगाव आठवते. २०२५ च्या एप्रिलात दहा ग्रॅम सोन्याने लाख रुपयांचा टप्पा ओलांडला तेव्हाही तसेच झाले. सराफ बाजारातील गर्दीची छायाचित्रे छापून आली, 'सुवर्णनगरी'च्या शुद्धतेचे गोडवे गाइले गेले, आणि त्याच पानांवर अर्थशास्त्राच्या पंडितांनी आपले जुने पालुपदही आळवून घेतले. भारतीय स्त्रीला सोन्याचा हव्यास आहे. त्या हव्यासापायी देशाचे परकीय चलन वाहून जाते. घराघरांतून पंचवीस हजार टन सोने निपचित पडून आहे. ते बाहेर निघेल तर देशात कारखाने उभे राहतील. पंचवीस हजार टनांचा हा अंदाज जागतिक सुवर्ण परिषदेचा, म्हणजे सोने विकणाऱ्यांच्याच संस्थेचा आहे. त्यातले किती टन मलबार हिलवर आहे आणि किती चोपड्याच्या शेतमजूर वस्तीत, याची वाटणी मात्र कोणी मांडत नाही. सरासरी काढली की कपाशी वेचणारी बाईसुद्धा देशाच्या गरिबीला जबाबदार ठरते!

पंडितांचे सोडून देता येईल. त्यांच्या पगारात तेही काम येते. चिंतेची गोष्ट अशी की पुरोगामी चळवळीतही या बाबतीत फारसा वेगळा विचार झालेला नाही. तेथे हव्यासाच्या जागी 'गुलामीच्या बेड्या' हा शब्द येतो, एवढेच. साधेपणाने विवाह करणारा, पत्नीच्या गळ्यात काळ्या मण्यांचा सरही न घालणारा कार्यकर्ता आदरास पात्र आहे. परंतु तोच कार्यकर्ता शिरपूर तालुक्यातील पाड्यावर सभा घेण्यास जातो, समोर चांदीच्या हसळ्या आणि कडी ल्यालेल्या पावरा स्त्रिया बसलेल्या पाहतो आणि त्यांना दागिन्यांचा मोह सोडण्याचा उपदेश करतो, तेव्हा तो नकळत पंडितांचेच काम हलके करीत असतो. त्या स्त्रीने ती चांदी का घातली आहे, हा प्रश्न त्याने विचारलेलाच नसतो. या प्रश्नाला इतिहास आहे आणि त्या इतिहासाचा बराच भाग खानदेशातच घडला आहे.

चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे १९७०च्या दशकाच्या प्रारंभी एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघांची नक्षी कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला. त्यांचा काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा ठरला आहे. त्या काळी दख्खनेत शहामृग होता, शेती नव्हती, धातू नव्हता, राजा नव्हता, सावकारही नव्हता. तरी माणूस कवचाचा तुकडा घासून गोल करीत होता, त्याला भोक पाडीत होता आणि त्यात दोरा ओवीत होता. पोटाला काहीच न देणाऱ्या कामावर त्याने घालवलेला तो वेळ ध्यानात घेतला, म्हणजे नटण्याची इच्छा ही बाजाराने किंवा पुरुषसत्तेने स्त्रीच्या डोक्यात भरवलेली विकृती आहे, हे म्हणणे टिकत नाही. ती इच्छा माणसाची आहे. बाजाराने आणि सत्तेने तिचा वापर केला, ही पुढची गोष्ट.

ती पुढची गोष्टही पाटण्याच्याच परिसरात वाचावयास मिळते. पाटणादेवीजवळ १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापिल्याचे तो सांगतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त सोन्याचे गणित आहे: निरनिराळ्या कसाचे सोने एकत्र आटवले तर निघणाऱ्या लगडीचा कस किती? या कसाला तेथे शब्द आहे 'वर्ण'. सोळा वर्णांचे ते शुद्ध सोने. सोनाराच्या कसोटीवरचा वर्ण आणि समाजाच्या उतरंडीवरचा वर्ण यांचा शब्द एकच असावा, हा भाषेचा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण व्यवहारातही या दोन वर्णांचे साटेलोटे पक्के होते. सोने कमरेखाली घालावयाचे नाही, हा नियम सोन्याच्या पावित्र्याचा म्हणून सांगितला जातो. मात्र राजपुतान्यातील संस्थानांत पायात सोन्याचा तोडा घालण्याचा मान राजा आपल्या मर्जीतील सरदाराला बहाल करीत असे. राजाने हुकूम दिला की सोन्याचे पावित्र्य पायातही अबाधित राहत होते, असा याचा अर्थ.

खाली उतरत गेले की हाच नियम उलटा लागू होतो. वरच्यांना काय घालण्याचा मान आहे, तसे खालच्यांनी काय घातलेच पाहिजे हेही ठरलेले असे. केरळात पुलया स्त्रियांना गळ्यात दगडी मण्यांच्या माळा घालाव्या लागत. १९१५ साली कोल्लमजवळ पेरिनाड येथे, अय्यनकाळी यांच्या नेतृत्वाखालील चळवळीत, त्यांनी त्या माळा तोडून फेकल्या. महाराष्ट्रात १९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे जमलेल्या स्त्रियांशी जे भाषण केले त्यात गळ्यातल्या गळसऱ्यांचा आणि हातांत कोपरापर्यंत घातलेल्या चांदी-कथिलाच्या गोठ-पाटल्यांचा मुद्दा होता. अस्पृश्यता लांबून ओळखू यावी अशा या खुणा आहेत, त्या टाकून द्या, आणि दागिना घालावयाचाच असेल तर सोन्याचा घाला, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. साधेपणाच्या उपदेशकांनी या शेवटच्या अटीवर थोडे थांबावे. बाबासाहेबांनी अलंकाराला पाप म्हटले नाही. दागिन्यावर कोरलेली जात त्यांना काढून टाकावयाची होती. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर त्यांच्या मुक्कामाच्या स्मृतीसाठी दर ३१ जुलैला जमणाऱ्या हजारो स्त्रियांच्या अंगावर आज जे काही सोने दिसते, त्याकडे हव्यास म्हणून पाहणाऱ्याला महाड समजलेले नाही.

आता सातपुड्याच्या चांदीकडे वळले पाहिजे. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या डोंगरपट्टीत आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल, पावरा, बारेला स्त्रियांच्या अंगावर जी चांदी असते तिचे वजन पाहून शहरी माणूस चकित होतो. त्यात हौस नाही असे नाही. तथापि ज्या घराला कुलूप नाही, ज्या जमिनीचा कागद नाही, जेथून दर वर्षी सहा महिने ऊसतोडीला गुजरातेत जावे लागते, त्या घरात शिल्लक ठेवावयाची तर कोठे? अंगावर. चोर तेवढी बाई झोपेत असतानाच येऊ शकतो, आणि पुराच्या पाण्यातून जीव वाचवून बाहेर पडणाऱ्या बाईबरोबर तिची पेढीही बाहेर पडते. भार, तोळा, मासा ही मापे तिला शाळेत न जाता येत होती. रुपया चांदीचा होता तेव्हा तो बरोबर एक तोळ्याचा होता. म्हणून वीस रुपयांचे कडे म्हणजे वीस रुपये वजनाचे कडे, असा हिशेब सरळ होता. नाणे आटवून कडे करता येई, आणि आपत्काळी कड्याचे पुन्हा नाणे होई, कारण टांकसाळ कोणाचीही चांदी घेऊन अल्पशा कसरीने रुपये पाडून देत असे. १८७६ ते ७८ च्या महादुष्काळात दख्खनेतून दागिन्यांची चांदी अशीच मुंबईच्या टांकसाळीकडे वाहिली. मधले दलाल आपला लचका तोडीत होतेच. पण चांदीचे मोल तरी चांदीइतके राहिले.

१८९३ च्या जूनमध्ये इंग्रज सरकारने खासगी चांदीसाठी टांकसाळीची दारे बंद केली. जगात चांदी स्वस्त होत होती आणि लंडनला पाठवावयाचा 'घरखर्च' व गोऱ्या अंमलदारांचे पगार सांभाळण्यासाठी रुपयाचा भाव कृत्रिमरीत्या वर धरणे सरकारला आवश्यक वाटत होते. निर्णय एका ओळीचा होता. त्या ओळीने रुपया आणि चांदी यांची फारकत केली. शतक संपताना रुपया सोळा पेन्सांना पक्का झाला. त्यातल्या चांदीचे बाजारमूल्य मात्र दहा पेन्सांच्या आसपास राहिले. म्हणजे सातपुड्यातील स्त्रीच्या हातातील वीस रुपये वजनाच्या कड्याची किंमत, ते हातातून न काढताच, जवळपास एक तृतीयांशाने कमी झाली. तिच्यावर कोणी कर बसवला नव्हता, जप्ती आणली नव्हती, शिपाईही पाठवला नव्हता. सरकारी देणे, सारा आणि दंड मात्र पुऱ्या मोलाच्या रुपयातच द्यावयाचे होते. आणि मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला, ज्याला गुजरात-खानदेशात अजूनही संवताच्या आकड्याने 'छप्पन्या' म्हणून ओळखतात. त्या वर्षी ज्यांनी चांदी बाजारात नेली त्यांना १८७७ सालच्या दुष्काळपीडितांइतकाही आधार त्या चांदीने दिला नाही.

दादाभाई नौरोजींनी ज्या लुटीचा हिशेब मांडला, तिच्या मोठ्या रकमांखाली ही लहान रक्कम झाकून गेली आहे. भारताच्या चलन-इतिहासाच्या पुस्तकांत १८९३ चा निर्णय विनिमय-दराच्या प्रकरणात येतो. तो दागिन्यांच्या प्रकरणातही आला पाहिजे, कारण गरीब स्त्रीची शिल्लक बुडवण्यासाठी तिला हातही लावावा लागत नाही, हे राज्यकर्त्यांना तेव्हाच कळून चुकले.

सपाटीच्या खानदेशची गोष्ट सोन्याची आणि कपाशीची आहे. १८६० च्या दशकाच्या आरंभी लोहमार्ग खानदेशात पोचला आणि नेमके त्याच वेळी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना. तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीतील कपाशीला कधी न मिळालेला भाव आला. शेतकऱ्यांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, अशी कथा त्या काळापासून सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, सोन्या-चांदीची आयात मात्र खरी होती. जळगावच्या जुन्या सराफी पेढ्या आपला वारसा याच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नेऊन भिडवतात, त्यात नवल नाही. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळला, आणि तेजीच्या भरवशावर काढलेली कर्जे मागे उरली. जो दागिना तेजीत सराफाकडून घरी आला तोच मंदीत सावकाराकडे परत गेला. अनेक गावांत सराफ आणि सावकार एकच होते, त्यामुळे दागिन्याला फार लांब जावे लागले नाही. दहा वर्षांनी, १८७५ साली, पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे जाळली. त्यांचा राग कर्जरोख्यांवर होता.

या ये-जा करणाऱ्या सोन्याची सर्वांत मोठी फेरी १९३१ नंतर झाली. जागतिक मंदीने कापसाचा भाव मातीमोल केला होता. सारा आणि व्याज तेवढेच होते. त्या सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णमानाचा त्याग केला, रुपयात सोन्याचा भाव वाढला आणि खेड्यापाड्यांतून सोने बाहेर पडू लागले. पुढील काही वर्षांत शेकडो कोटी रुपयांचे सोने मुंबईच्या बंदरातून निघून गेले. सरकारी अहवालांनी याला भारतीयांनी साधलेली नफेखोरी म्हटले. देशी टीकाकारांनी त्याला विपत्तीचे सोने म्हटले, कारण विकणाऱ्यांत मोठा भरणा साऱ्याचा हप्ता भरणाऱ्या कुळांचा होता. लंडनच्या बाजाराला त्या सोन्याने आधार दिला. खानदेशच्या स्त्रियांच्या पुतळ्या आणि एकदाण्या इंग्लंडच्या पतपेढीचा कणा ताठ ठेवण्यासाठी उपयोगी पडल्या, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण फारशी नव्हे.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, स्त्रीच्या दागिन्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र तीच राहिली. १९६२ च्या चिनी आक्रमणावेळी सामान्य स्त्रियांनी संरक्षण निधीला बांगड्या उतरवून दिल्या. दोनच महिन्यांनी, १९६३ च्या जानेवारीत, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले: चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचा नवा दागिना घडवावयाचा नाही. या नियमाने सोन्याची भूक मिटली नाही. सोनार मात्र उपाशी राहिला. बागेसरी आणि मूस यांच्यापलीकडे भांडवल नसलेले लाखो कारागीर बेकार झाले, कित्येकांनी आत्महत्या केल्या. बडे सोने तस्करीच्या मार्गाने मुंबईच्या किनाऱ्यावर उतरतच राहिले. १९६८ साली नियमांचा कायदा झाला आणि १९९० साली तो रद्द झाला तेव्हा त्याने साधलेली एकही गोष्ट दाखवण्यासारखी नव्हती. खानदेशातील अहिर सोनारांची जी घरे त्या काळात धंद्यातून उठली त्यांतली बरीच परत बसली नाहीत. आज जळगावच्या गल्ल्यांतून दागिना घडवणारा हात बहुधा बंगालहून आलेल्या तरुणाचा असतो. तोही माडीवरच्या एका खोलीत राहतो, तेथेच झोपतो. 'सुवर्णनगरी'च्या छायाचित्रात तो कधी येत नाही.

येथे प्रतिपक्षाचा एक प्रश्न उपस्थित होईल. दागिना ही जर गरीब स्त्रीची पेढी, तर तिचे गुणगान करून स्वस्थ बसावयाचे काय? मुळीच नाही. त्या पेढीची चावी कोणाकडे असते, हे पाहिल्यावर गुणगान करण्याची इच्छा उरत नाही.

मनूने एके ठिकाणी स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आणि दुसऱ्या ठिकाणी पत्नी, पुत्र आणि दास हे तिघे निर्धन होत, त्यांनी मिळवलेले धन मालकाचे, असेही सांगून ठेवले. दोन्ही वचने एकाच ग्रंथात आहेत आणि हिंदू घराचा व्यवहार दुसऱ्यावर चालत आला आहे. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात स्त्रीधन हे निखळ स्त्रीचेच, पती त्याचा फार तर विश्वस्त, असा निर्णय दिला. २०२४ साली तेच पुन्हा सांगण्याची पाळी त्या न्यायालयावर आली, यावरून पहिला निर्णय किती घरांपर्यंत पोचला ते समजते. बी-बियाण्याला पैसे नाहीत, मृग तोंडावर आला आहे, अशा वेळी मंगळपोत 'तिच्या संमतीने'च उतरते. कपाशीचा पहिला वेचा घरी आला की सोडवून आणू, असे ठरते. बोंडअळी आली, भाव पडला, की पोत तेथेच राहते. जो दागिना तिचा म्हणून सांगितला गेला, तो मोडण्याचा निर्णय तिच्याखेरीज सगळ्यांनी घेतलेला असतो. मोडताना घट निघते, घडणावळ बुडते, आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या डागाची पावती कोठे आहे, असेही तिलाच विचारले जाते.

आणि पती वारला की पेढी एका दिवसात बंद होते. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या ज्या क्षणी तिला पैशाची सर्वाधिक गरज असते त्याच क्षणी अंगावरून उतरवल्या जातात, आणि त्या कोणाच्या कपाटात जातात हे खेड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी तिशीतच विधवा झाल्या आणि त्या दुःखावर त्यांनी कविता रचल्या. त्यांच्या पिढीतील स्त्रियांच्या हातावर गोंदण असे. गरिबीत परवडणारा आणि कोणालाही उतरवता न येणारा तेवढाच एक दागिना होता. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने विधवेचे अलंकार उतरवण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे, असे परिपत्रक काढले. ठराव स्वागतार्ह आहे. पण त्या परिपत्रकावर चर्चा करताना प्रथेचे शास्त्र आणि अंधश्रद्धा यांच्यावरच सारा भर राहिला. प्रथेच्या आड होणारी मालमत्तेची अदलाबदल कोणी बोलून दाखवली नाही.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तर मंगळसूत्र थेट प्रचारसभांच्या व्यासपीठावर आले. विरोधक सत्तेवर आले तर ते स्त्रियांची मंगळसूत्रे हिरावून इतरांना वाटतील, अशी भीती देशाच्या पंतप्रधानांनी मतदारांना घातली. त्यांना खानदेशात येऊन पाहता आले असते. हिरावून नेण्यासाठी मंगळसूत्र प्रथम घरी असावे लागते. २०२५ च्या मार्चअखेर केवळ बँकांनी दागिन्यांच्या तारणावर दिलेली कर्जे दोन लाख कोटी रुपयांच्या पुढे गेली होती. खासगी वित्तसंस्था आणि सावकार त्याहून वेगळे. त्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला दागिन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची मुभा जाहीर केली, आणि ही गोरगरिबांची सोय म्हणून वाखाणली गेली. आधीच्या मसुद्यात मालकीचा पुरावा मागितला होता. आजीने दिलेल्या डोरल्याची पावती कोणाकडे असते, असा गिल्ला तामिळनाडूतील शेतकऱ्यांनी केला तेव्हा ती अट सैल झाली. भाव चढता असताना ८५ टक्के ही सोय आहे. भाव उतरला की ती लिलावाची नोटीस होते. पीककर्जासाठी ज्या बँकेत शेतकऱ्याला चार खेटे घालावे लागतात, तीच बँक डाग वजनकाट्यावर ठेवला की अर्ध्या तासात पैसे मोजते, ही गोष्ट मात्र कोणालाच विलक्षण वाटत नाही.

सरकारला या प्रश्नाचे स्वरूप कळत नाही असे नाही. २०१४ साली महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा नवा कायदा झाला; विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. २०१५ साली परवानाधारक सावकारांची कर्जे शासनाने भागवून शेतकऱ्यांचे गहाण दागिने सोडवून देण्याचा निर्णय घेतला. तो विदर्भ आणि मराठवाड्यापुरता होता. तापी खोऱ्यातील कपाशीच्या शेतकऱ्याची बायको त्या निर्णयात बसली नाही. तिची कपाशी बहुधा वेगळ्या बोंडाची असावी.

मग कार्यकर्त्याने पाड्यावर जाऊन काय सांगावयाचे? चांदी उतरवा, असे निश्चितच नाही. स्त्रीला जमिनीत वाटा द्यावयाचा नव्हता म्हणून तिला दागिना देण्यात आला. मुलीला सासरी पाठवताना बापाने पाच तोळे घातले आणि पाच एकरांतून तिचे नाव कायमचे वगळले. हा सौदा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, आणि 'आमच्या मुलीचे काही कमी केले नाही' अशी त्याची भाषा आहे. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. तलाठ्याच्या दप्तरात त्यानंतर जी हक्कसोडपत्रे नोंदली गेली, ती सख्ख्या बहिणींची आहेत, आणि बहुतेक वेळा त्यांच्या बदल्यात लुगडे आणि माहेरपण मिळाले आहे. या सोडपत्रांवर पक्षाच्या सभासदांच्याही घरांतले अंगठे आहेत, हे सांगितल्यावाचून हा विषय पुढे नेणे अप्रामाणिकपणाचे होईल. पत्नीच्या नावे जमीन करण्याची 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने काढली होती. त्या संघटनेच्या खुल्या बाजाराच्या विचारांशी समाजवाद्यांचे भांडण जुने आहे आणि ते राहील. पण तो कार्यक्रम डाव्यांच्या हातून आधी निघावयास हवा होता.

सातपुड्यात हा मार्ग अधिक मोकळा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसणाऱ्या जमिनीचा पट्टा पती आणि पत्नी या दोघांच्या नावे द्यावयाचा असतो. ही मेहेरबानी नव्हे. कायद्याचे कलम आहे. दावा भरताना, पंचनामा करताना आणि मंजूर पट्टा हाती घेताना दुसरे नाव पहिल्याइतक्याच ठळक अक्षरांत लिहिले गेले आहे की नाही, हे तपासणे कार्यकर्त्याला सहज शक्य आहे. त्या पट्ट्यावर दोघांच्या नावे पीककर्ज मागणे, नकार मिळाल्यास तो लेखी घेणे आणि लेखी नकारांचा गठ्ठा घेऊन तहसील कचेरीवर जाणे, हेही शक्य आहे. गावातील कोणत्या घरचा कोणता डाग कोणाकडे, किती व्याजाने आणि कोणाच्या नावे गहाण आहे, याची यादी मृगाच्या आधी करता येते. सावकाराकडे परवाना आहे की नाही, ही चौकशी त्याच यादीवरून सुरू होते. असे काम उभे राहिले तर सभेला येताना पावरा स्त्रीने हसळी घातली होती की नव्हती, याकडे कोणाचे लक्षही जाणार नाही. ती घालील किंवा पेटीत ठेवील. पाटण्याच्या मण्यांना जसे कोणी कारण विचारीत नव्हते, तसे तिलाही विचारण्याचे कारण राहणार नाही.